अर्ज वाचणारा माणूस

अर्जाच्या शेवटच्या तारखेला चाचा दुकान उघडत नसत. राहात्याच्या स्टँडसमोरच्या, अर्ज भरून देणाऱ्या बाकीच्या दुकानांत त्या दिवशी पोरांची झुंबड उडालेली असायची. सर्व्हर बंद पडलेला, कुणी ओटीपीची वाट बघतोय, कुणी फोटो लहान करून मागतोय, आणि आमचं शटर खाली. शटरवर खडूनं लिहिलेलं : "आज मुदत संपते आहे. म्हणून बंद." लोक शिव्या घालत. मी चाचांकडं नवीन होते तेव्हा मलाही हे वेडच वाटलं होतं. धंदा करणारा माणूस ऐन धंद्याच्या दिवशी घरी बसतो म्हणजे काय?

"घाबरलेला माणूस स्वतःची जन्मतारीख चुकवतो, बेटा," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी येतो तो घाबरलेलाच असतो. त्याच्या चुकीला माझा हात नको."

मी तेव्हा नुकती बी.कॉम. झाले होते. घरी बसून स्थळांची वाट बघण्यापेक्षा बरं, म्हणून त्यांच्याकडं टायपिंगला लागले आणि पुढं काही वर्षं तिथंच राहिले. गावात त्यांना सगळेच चाचा म्हणत. हिंदूंची पोरंही आणि त्यांच्या वयाची माणसंही. उंच, किडकिडीत अंग. ऐन उन्हाळ्यातही शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलत, त्यामुळं प्रत्येक कागद नाकाला लावून वाचायचे. चाची वारलेल्या, एकुलती मुलगी श्रीरामपूरला दिलेली. दुपारचा डबा खानावळीतून यायचा, तो पुष्कळदा तसाच परत जायचा.

दुकानाआधी त्यांची सगळी नोकरी एका साखर कारखान्याच्या लेबर ऑफिसात गेली. कामाला येऊ पाहणाऱ्यांचे अर्ज वाचायचे आणि त्यांचे दोन गठ्ठे करायचे, हे त्यांचं काम. एक गठ्ठा साहेबाकडं जायचा, दुसरा रद्दीत. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी हे दुकान टाकलं. पण स्वतःला ते कधी अर्ज लिहिणारा म्हणवून घेत नसत. "मी वाचणारा आहे," म्हणायचे. "टेबलाच्या त्या बाजूला बसलोय मी जन्मभर. अर्ज कुठल्या ओळीवर फेकला जातो ते मला माहीत आहे."

दुकानात येणाऱ्याला आधी बाहेरच्या नळावर हात धुवावे लागत. मग बसायचं, पाणी प्यायचं. मग जाहिरात. जाहिरात पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिपेपर्यंत मोठ्यानं वाचायची, तीही उमेदवारानं. पोरं कंटाळून जायची. "चाचा, मला माहीत हाय सगळं, तुमी फक्त भरा ना." असं म्हटलं, की चाचा हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. नमाजाची वेळ झाली तर अर्ज अर्धवट सोडून उठायचे आणि जाताना सांगायचे, "मी येईपर्यंत पुन्हा एकदा वाच." एकदा एका इंजिनिअर झालेल्या मुलाला अशा दुसऱ्या वाचनात कळलं, की ज्या पदासाठी तो आलाय त्याला त्याची शाखाच चालत नाही. तो चिडून निघून गेला. चाचा मला म्हणाले, "चिडला ते बरं झालं. तिथं जाऊन रडला असता."

नाव दहावीच्या मार्कशीटवर असेल तसंच. "तुझं नाव आईनं ठेवलं असेल, पण सरकारसाठी ते बोर्डानं ठेवलंय." फोटोत गॉगल, टोपी, तिरपी मान चालणार नाही. सही करताना पोरं मोठमोठे वळसे घालत, त्यांना ते कोरा कागद देत आणि तीच सही कागद भरेपर्यंत करायला लावत. शेवटची सही पहिलीसारखी आली नाही, तर म्हणत, "ही तुझी सही नाही. ही तुझी हौस आहे. साधी कर."

ते गोड बोलत नसत. तीन विषयांत पदवी घेतलेल्या एका बाईंना त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "शाळेत मुलांना काय शिकवता, अर्ज तर वाचता येत नाही?" बाई रुमाल तोंडाला लावून बाहेर गेल्या. दुसरी एक मुलगी होती, लोणीकडची. तिच्या एका दाखल्यावर आईचं नाव वेगळं पडलं होतं. चाचांनी अर्ज भरायला साफ नकार दिला. आधी प्रतिज्ञापत्र करून आण म्हणाले. ते हातात येईस्तोवर मुदत गेली. तिचे वडील दुकानात येऊन भांडून गेले. "पुढच्या भरतीला लागेल ती," एवढंच चाचा म्हणाले. पुढच्या भरतीला तिचं लग्न झालेलं होतं. हे मला पुढं कळलं, त्यांनाही कळलं असणार. ते त्यावर कधी बोलले नाहीत, आणि नियमही बदलला नाही.

पण त्यांच्यासमोर बसलेला माणूस कधीकधी जाताना येतानापेक्षा मोठा होऊन गेलेला मी पाहिलाय. एका दवाखान्यात रुग्णांची देखभाल करणाऱ्या बायका घेणार होते. अस्तगावच्या बाजूची एक बाई आली. पन्नाशीला टेकलेली, पदर डोक्यावर, हातात पिशवी. अनुभवाच्या रकान्याशी आम्ही आलो.

"काही न्हाई," ती म्हणाली. "घरीच हुते."

"घरी काय करत होता?"

"काय करनार? सासू अंथरुनात हुती. तिचं करायचे."

"उठत नव्हत्या?"

"कूसबी बदलता येत न्हवती."

"पाठीला जखमा झाल्या?"

बाई एकदम ताठ झाली. "एकबी न्हाई. डॉक्टरच म्हनले, असं कुनाचं पायलं न्हाई."

चाचांनी मला खूण केली. 'अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची पूर्णवेळ देखभाल' असं मी टाईप केलं, आणि त्याखाली ती काय काय करत होती ते एकेका ओळीत. मग चाचांनी ते तिला वाचून दाखवलं. बाई ऐकत राहिली. "हे म्या केलं व्हय," असं काहीतरी पुटपुटली आणि पदरानं डोळे पुसले. तिला ती नोकरी लागली. चाचांना मात्र त्याचं फारसं काही नव्हतं. "खोटं लिहायचं नाही आणि खरं लपवायचं नाही. अर्जात दुसरं काय असतं?"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल, त्याला हिशेब नाही. ते किती महागात पडू शकतं ते अक्षय आणि सागरमुळं कळलं.

दोघं एकाच गावचे, गोदावरीच्या अलीकडच्या. एकाच वर्गात शिकलेले, पहाटे कालव्याच्या रस्त्यानं बरोबर पळणारे. वर्दीच्या भरतीत दोघांची निवड झाली. कुठल्या खात्याची ते सांगत नाही. खाकी होती एवढं पुरे. निवड यादी लागल्यावर चारित्र्य पडताळणीचा मोठा फॉर्म असतो, तो भरायला दोघं एकाच मोटारसायकलवर आले. पेढ्यांचा पुडा घेऊन आले होते. चाचांनी पेढा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आधी वाचा."

अक्षयनं वाचलं. मध्येच एका प्रश्नावर थांबला आणि त्यानं सागरकडं पाहिलं. 'आपणाविरुद्ध कधीही गुन्हा दाखल झाला होता काय? असल्यास तपशील द्यावा.'

काही वर्षांपूर्वी गावच्या यात्रेत डीजेवरून मारामारी झाली होती. दुसऱ्या गटानं केस केली, आणि तिथं हजर असलेल्या सगळ्या पोरांची नावं त्यात घातली. हे दोघंही होते. पुढं कोर्टात साक्षीदार फिरले आणि सगळे निर्दोष सुटले.

"न्हाई लिवा," सागर म्हणाला. "निर्दोष सुटलोय ना आमी? मग केस हाय कुठं?"

"प्रश्न पुन्हा वाच," चाचा म्हणाले. "केस आहे का, असं विचारलेलं नाही. कधी झाली होती का, असं विचारलंय. झाली होती. होय लिहायचं. खाली तारीख, नंबर, निर्दोष सुटल्याचा निकाल, त्याची प्रत जोडायची."

"चाचा, होय बघितलं की लगीच बाद करत्यात. आमच्या गावात झालंय असं."

"होईलही बाद."

"मग?"

चाचांनी चष्मा काढला. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा हळू बोलत होते. "कारखान्यात मी काय बघितलं ते सांगतो. खोट्या दाखल्यावर लागलेली माणसं होती. चांगली होती, कामसू होती. पण ज्याला ज्याला ते ठाऊक होतं, त्याच्या त्याच्या मुठीत ती होती. मुकादम त्यांना हवं तसं वाकवायचा. रिटायर होईपर्यंत ती माणसं सरळ उभी राहिली नाहीत. 'नाही' लिहिलंस तर तुझी नोकरी तुझी नसेल. ज्याला ही केस माहीत आहे त्या प्रत्येकाची असेल."

सागर हसला. "केस ज्यांना म्हाईत हाय ती सगळी आमचीच मानसं हायेत." आणि उठला. त्याचं एक बरं होतं. तक्रारीत त्याचं नाव घरच्या हाकेनं 'पप्पू' असं पडलं होतं, बापाचं नावही चुकलेलं होतं, आणि ते तसंच कोर्टापर्यंत गेलं होतं, म्हणजे पडताळणीत त्याच्या खऱ्या नावावर ती केस सापडणार नव्हती. रस्त्यापलीकडच्या दुकानात जाऊन त्यानं फॉर्म भरला. आमच्या दारातून तो तिथं खुर्चीत बसलेला दिसत होता.

अक्षय बसून राहिला. मग म्हणाला, "लिवा होय."

तो फॉर्म मीच टाईप केला. चाचांनी तपशील सांगितला, एकही शब्द जास्त नाही, एकही विशेषण नाही. निकालाची साक्षांकित प्रत, पानांना नंबर, सोबतच्या कागदांची यादी. त्याहून चांगला भरलेला फॉर्म मी पाहिलेला नाही.

सागर ट्रेनिंगला गेला. अक्षयला पत्र आलं, की तो नेमणुकीस योग्य आढळत नाही.

पत्र घेऊन तो दुकानात आला तेव्हा मी त्याच्याकडं पाहू शकले नाही. चाचांनी ते नाकाशी धरून वाचलं आणि लगेच म्हणाले, "अपील करायचं." अपील त्यांनी स्वतः लिहिलं. त्याच्याबरोबर एसटीनं नगरला गेले, कार्यालयाच्या बाकड्यावर बसले, सुनावणीत कुणी काय विचारलं आणि अक्षयनं काय सांगितलं ते येऊन मला सांगितलं. पत्रव्यवहारासाठी पत्ता दुकानाचा दिला होता, कारण गावात टपाल वेळेवर पोचत नसे. पण टपालात काही येईना. महिने गेले.

अक्षय रोज यायला लागला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा. सुरुवातीला पोरांना मदत करायचा. त्यांच्या सह्या बघायचा, कागदांची यादी करून द्यायचा. हुशार होता. चाचांची सगळी पद्धत त्यानं बसल्या बसल्या उचलली. नंतर नंतर तो बोलेनासा झाला. सागर सुट्टीवर आला की गावात त्याचे फोटो लागायचे. त्याचं लग्न झालं, वरात अक्षयच्या दारावरून गेली. अक्षयचा बाप म्हणे वरातीत नाचला. नाही नाचला असता तर लोक बोलले असते.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. अक्षय स्टुलावरून उठून टेबलासमोर येऊन बसला.

"चाचा, एक अर्ज लिवून द्या."

"कसला?"

"सागरनं खोटी माहिती दिली, असा."

चाचा म्हणाले, "मी नोकरी मागायचे अर्ज करतो. घालवायचे नाही."

"खोटं न्हाई ते. तुमीच म्हनता, खरं लपवायचं न्हाई."

"स्वतःबद्दल, बाबा. स्वतःबद्दलचं खरं."

"असं कुठं म्हनला हुता तुमी?"

चाचांचा आवाज चढला. "ऊठ इथून. पुन्हा या कामासाठी या दुकानाची पायरी चढू नकोस." अक्षय उठला, स्टूल भिंतीला नीट लावून ठेवलं आणि गेला. त्यानंतर तो आला नाही.

सागरला नोकरीवरून काढल्याची बातमी आम्हाला त्याच्या आईकडून कळली. ती एकटीच आली. पायांत वहाणा होत्या, त्या तिनं पायरीखाली काढल्या, आणि बसा म्हटलं तरी बसली नाही.

"चाचा, त्यो कागद तुमी लिवला का?"

"कुठला कागद?"

"गाव म्हनतं, असला कागद चाचाबिगर कुनाला लिवता येत न्हाई."

तिच्याकडं तक्रारीची झेरॉक्स होती; सागरला जाब विचारताना ती त्याला दिली होती. चाचांनी ती घेतली. मी त्यांच्या खांद्यामागून पाहिलं. विषय. संदर्भ. केसचा नंबर आणि तारीख. 'पप्पू' म्हणजेच हा उमेदवार, हे दाखवणारा ग्रामपंचायतीचा दाखला. सोबतच्या कागदांची यादी. पानांना नंबर. एकही शब्द जास्त नाही, एकही विशेषण नाही. खाली सही नव्हती.

चाचांनी ते दोनदा वाचलं.

"लिहिला मी नाही, वहिनी," ते म्हणाले. "पण शिकवला मीच."

बाईनं कागद परत घेतला, चार घड्या घालून कमरेला खोचला. "सून पोटुशी हाय," एवढंच म्हणाली आणि पायरी उतरून वहाणा घालू लागली. एक वहाण पायात सरकेना. मी पुढं झाले, तर हातानंच नको म्हणाली.

पुढं आठवड्याच्या आत अक्षयच्या बापाची पेरूची बाग कुणीतरी कापली. झाडं फळांनी भरलेली होती. सकाळी बाप गेला तेव्हा सगळी बुंध्यापासून आडवी, आणि हिरवे पेरू मातीत. तक्रार कुणी केली नाही. अक्षय त्याच्या आधीच गाव सोडून गेला होता. कुठं, ते घरच्यांनाही नीट सांगता येत नव्हतं.

आणि मग ते पत्र आलं. दुकानाच्या पत्त्यावर, अक्षयच्या नावानं. त्यानं माहिती लपवली नव्हती, गुन्हा किरकोळ होता आणि तो निर्दोष सुटला होता, म्हणून त्याच्या निवडीचा फेरविचार करून नेमणूक द्यायचं ठरलं आहे. त्यानं दिलेल्या मुदतीत हजर व्हावं.

मला वाटलं चाचा आनंदतील. त्यांनी पत्र प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घातलं आणि म्हणाले, "शोधायला पाहिजे." अक्षयच्या आईनं बऱ्याच आढ्यावेढ्यांनंतर एक फोन नंबर दिला, तो एका चाकणच्या मुकादमाचा निघाला. चाचांना एकट्याला गाड्यांच्या पाट्या दिसत नव्हत्या, म्हणून मी बरोबर गेले.

तो एका गोदामात माल चढवायच्या कामावर होता. मुकादमानं जेवणाच्या सुट्टीत त्याला फाटकाबाहेर पाठवलं. रोडावला होता, दाढी वाढलेली. चाचांना बघून तो थबकला, मग वाकून पाया पडला. चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. चाचांनी फाईल पुढं केली. त्यानं पत्र वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या टिपेपर्यंत, ओठ हलवत, दुकानात वाचायचा तसं.

"तुमी बरोबर हुता, चाचा," तो म्हणाला.

"मग चल. कपडे घे आणि चल. मुदत आहे अजून."

"न्हाई."

"न्हाई काय? अरे, हे तुझं आहे. तू मिळवलंयस."

"मी ती खाकी घालून गावात उतरनार. समोर त्याची आय. तिला काय सांगू? त्याची काढली आन् मला दिली?"

"तू खोटं बोलला नाहीस."

"न्हाई बोललो. दोन्ही बारीला खरंच बोललो." त्यानं चहाचा ग्लास बाजूला सरकवला. "पयल्यांदा बोललो तवा मला भ्या वाटत हुतं. दुसऱ्यांदा लई बरं वाटलं. तेच डोक्यातनं जात न्हाई, चाचा. मला बरं वाटलं हुतं."

चाचांनी त्याला पुष्कळ समजावलं. बापाच्या बागेचं सांगितलं, आईचं सांगितलं. शेवटी रागावले सुद्धा. तो खाली मान घालून ऐकत होता. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तसा उठला. पत्र त्यानं फाईलमध्ये परत घातलं, नीट, कोपरे न दुमडता.

"एवढं करा. हे आलं हुतं ते गावात कुनाला कळू देऊ नका. सागरला तर न्हाईच. त्याला वाटू द्या, म्हाजीबी गेली."

"खोटं सांगू?"

"म्हाज्यासाठी सांगा."

परतीच्या एसटीत नारायणगाव गेलं, आळेफाटा गेला, संगमनेर गेलं, तरी चाचा फाईल मांडीवर धरून तसेच बसून होते. मी एकदा म्हटलं, "चाचा, फॉर्म आपण चुकीचा भरला नव्हता." ते म्हणाले, "नाही. फॉर्म बरोबर होता." मुदत गेली. अक्षय हजर झाला नाही.

त्यानंतर दुकान चालूच राहिलं, पण त्यांच्यातलं काहीतरी विझलं होतं. हात धुवायला सांगायचे, जाहिरात वाचायला लावायचे. मध्येच स्वतः ऐकायचं विसरून जायचे. कुणावर रागावत नसत. ते मला फार वाईट वाटायचं.

सागर आला तो वर्षभरानं. एका खासगी दवाखान्यात सिक्युरिटी गार्ड घ्यायचे होते, त्याचा फॉर्म घेऊन. मी त्याला ओळखलंच नाही आधी. वर्दीच्या फोटोतला चेहरा आणि हा, यांचा मेळ बसेना. दुकानात दोन-तीन माणसं होती, ती एकमेकांकडं बघायला लागली. सागर सरळ नळावर गेला, हात धुऊन आला आणि चाचांसमोर बसला.

"तुमीच भरा," तो म्हणाला. "आता कुनाकडं जाऊ?"

चाचांनी भरायला घेतला. आधीची नोकरी सोडण्याचं कारण, या रकान्याशी ते थांबले.

"लिवा," सागर म्हणाला. "काढून टाकलं. आता लपवायला काय ऱ्हायलंय?"

"काढून टाकलं एवढंच नको," चाचा म्हणाले. "का काढलं तेही लिहू. केसची माहिती दिली नव्हती, म्हणून. केसमध्ये निर्दोष सुटलो, हेही लिहू. कामाबद्दल तक्रार नव्हती, तेही. मग ज्याला घ्यायचं तो सगळं बघून घेईल. तुला कुणाला भ्यायला नको."

सागरनं मान हलवली. मी टाईप केलं. त्यानं वाचलं, सही केली. साधी सही. प्रिंट निघत असताना तो उठला नाही. टेबलावरची धूळ बोटानं पुसत होता.

"चाचा, अक्षयचं काय झालं पुढं? तुमी अपील केलं हुतं ना त्याचं. आलं का बोलावनं?"

मी चाचांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांच्या मागच्या कपाटात ती फाईल होती, तिच्यात ते पत्र होतं.

"नाही," चाचा म्हणाले. "नाही आलं."

सागरनं मोठा श्वास सोडला, आणि त्याच्या कपाळावरची ताठ शीर सैल पडताना मला दिसली. "म्हंजी दोघांचंबी गेलं," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता, वैरही नव्हतं. प्रिंट घेतली, घडी केली, चाचांना हात जोडले आणि पायरी उतरून गर्दीत गेला.

चाचांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याच्याशिवाय त्यांना समोरची माणसं दिसत नसत. रांगेतली माणसं वाट बघत होती, बाहेर कुठल्याशा गाडीचा कंडक्टर कोपरगाव, कोपरगाव म्हणून ओरडत होता. मला वाटलं, आज ते उठून जातील.

"बेटा," ते म्हणाले, "पुढचा कोण आहे ते बघ."